सातारा–सांगलीची वाफ आणि रुळांची रुंदी

१ जून १९३० रोजी मुंबई–पुणे मार्गावर दख्खनची राणी धावू लागली. कल्याणपासून पुण्यापर्यंत रुळांवर विजेच्या तारा नुकत्याच आल्या होत्या, आणि बोरघाट धुराविना चढता येतो हे सगळ्यांनी पाहिले होते. पण कऱ्हाडला, मिरजेला किंवा बेळगावला जायचे असेल तर प्रवाशाला पुण्यात उतरून, सामान उचलून दुसऱ्या गाडीत बसावे लागे. ती गाडी एक मीटर रुंदीच्या रुळांवर उभी असे आणि तिच्या पुढे कोळशाचे इंजिन असे. पुण्याच्या एका बाजूला वीज आणि दुसऱ्या बाजूला वाफ, ही स्थिती पुढची चाळीस वर्षे टिकली. आगगाडीच्या इतिहासात वाफेच्या अस्ताची गोष्ट बहुधा यंत्रांची गोष्ट म्हणून सांगतात: अधिक ताकदीचे, कमी खर्चाचे डिझेल इंजिन आले, मग वीज आली, आणि जुने इंजिन मागे पडले. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांपुरते पाहिले तर ही गोष्ट अपुरी ठरते. इथे वाफेचे आयुष्य इंजिनाच्या गुणदोषांवरून ठरले नाही. ते रुळांच्या रुंदीवरून ठरले, आणि ती रुंदी कोणी, कशासाठी निवडली यावरून ठरले. वाफ इथे उशिरा गेली, आणि जाताना जे बदलून गेली, त्या दोन्हींचे मूळ १८८०च्या दशकातल्या एका काटकसरीच्या निर्णयात आहे.

१८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला. धान्य देशात होते, पण जिथे माणसे मरत होती तिथे ते वेळेवर पोहोचवण्याची सोय नव्हती. त्यानंतर नेमलेल्या दुष्काळ आयोगाने १८८० मध्ये दुष्काळी टापूंत लोहमार्ग बांधण्याची शिफारस केली. १८८२ मध्ये सदर्न मराठा रेल्वे कंपनी स्थापन झाली ती या विचारातून. तिचे मुख्यालय धारवाडला होते. दुष्काळनिवारणाच्या मार्गावर नफा फारसा होणार नाही हे धरूनच हिशेब मांडला होता, म्हणून १,६७६ मिलिमीटरच्या ब्रॉडगेजऐवजी स्वस्तातला मीटरगेज घेतला गेला. अरुंद रूळ म्हणजे कमी खोदाई, हलके पूल, घाटात अधिक तीव्र वळणे घेण्याची मुभा. सुरुवातीचा खर्च वाचला. त्याची किंमत पुढच्या पिढ्यांनी पुण्याच्या फलाटावर मोजली, कारण मुंबईहून येणारा प्रत्येक डबा तिथे थांबत होता आणि प्रत्येक पोते तिथे एका वाघिणीतून दुसऱ्या वाघिणीत जात होते. १८९० पर्यंत पुणे ते लोंढा हा मार्ग जोडला गेला. नीरा, लोणंद, सालपे, आदर्की, वाठार, कोरेगाव, रहिमतपूर, मसूर, कऱ्हाड, ताकारी, भिलवडी, मिरज या गावांवरून तो गेला. सातारा शहर बाजूला राहिले, सांगली शहरही बाजूला राहिले.

या दोन वगळलेल्या शहरांचे पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. सांगली हे पटवर्धनांचे संस्थान होते. त्याला स्वतःचा खजिना होता. १९०७ मध्ये संस्थानाने मिरजेपासून सांगलीपर्यंत काही मैलांचा फाटा आणला आणि आगगाडी शहराच्या आत येऊन थांबू लागली. आजही सांगलीच्या मध्यवस्तीतल्या चौकाला स्टेशन चौक म्हणतात. त्याआधी १८९१ मध्ये कोल्हापूर दरबाराने मिरज–कोल्हापूर मार्ग अशाच रीतीने आपल्या पैशाने घडवून आणला होता. साताऱ्याचे राज्य मात्र १८४८ मध्येच खालसा झालेले. मराठ्यांची राजधानी असलेले शहर आता जिल्ह्याचे ठिकाण होते, पण त्याच्यासाठी फाटा बांधायला कुणी दरबार उरला नव्हता. साताऱ्याचा प्रवासी सुमारे दहा मैलांवरच्या सातारा रोड स्थानकावर उतरत राहिला, तो १९७१ पर्यंत. ब्रिटिशांच्या थेट अमलाखालचा भाग संस्थानांपेक्षा पुढारलेला होता असे आपण सरसकट धरून चालतो. या दोन शहरांपुरता तरी रेल्वेचा पुरावा उलट बाजूने आहे.

शहरे बाजूला पडली, आणि त्यामुळेच माळरानावरची स्थानके मोठी झाली. वाफेच्या काळाची या भागाला मिळालेली खरी देणगी ही आहे, म्हणून तिच्याकडे सविस्तर पाहायला हवे. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातून आपला कारखाना हलवावा लागला. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना जागा दिली ती कुंडल रोड स्थानकाजवळच्या ओसाड माळावर. निवडुंग आणि दगड यांच्याशिवाय तिथे फारसे काही नव्हते, पण रूळ होते. ओतकामाला लागणारे कच्चे लोखंड आणि कोक वाघिणीने दाराशी येणार आणि तयार नांगर त्याच रुळांनी बाहेर जाणार, एवढ्या एका गोष्टीवर हा कारखाना उभा राहू शकत होता. पुढे स्थानकाचे नावच किर्लोस्करवाडी झाले. १९१६ मध्ये कऱ्हाड शहरापासून दूर, कऱ्हाड स्थानकाच्या परिसरात ओगले बंधूंचा काच कारखाना आला. काचेच्या भट्टीलाही इंजिनासारखाच कोळसा लागतो, आणि काचेचा माल बैलगाडीतून खाचखळग्यांच्या रस्त्याने न्यायचा तर निम्मा फुटतो. ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील मराठी मुलखात घरोघरी पोहोचला तो आगगाडीने. सातारा रोडला धनजीशा कूपर यांनी नांगरांचा कारखाना काढला. हेच कूपर १९३७ मध्ये मुंबई इलाख्याच्या हंगामी मंत्रिमंडळाचे प्रमुख झाले. वाठार हे त्या काळी महाबळेश्वरचे रेल्वे स्थानक होते, तिथे उतरून टांग्याने वाईमार्गे घाट चढायचा. मिरजेला डॉ. वानलेस यांच्या मिशन रुग्णालयाची कीर्ती कर्नाटकापर्यंत गेली. तिच्यामागे वानलेस यांचे कौशल्य होतेच, पण तीन दिशांचे रूळ मिरजेत मिळत होते म्हणून रुग्ण तिथवर येऊ शकत होता, हेही तितकेच खरे.

या उदाहरणांतले मला सर्वांत बोलके वाटते ते लोखंडाचे नाही, कागदाचे आहे. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडीतून ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. पुढे त्याचे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले, १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ आले. मराठी मध्यमवर्गाला नव्या विचारांची ओळख करून देणारी तीन मासिके पुण्यामुंबईत नव्हे, कुंडलच्या माळावर छापली जात होती. हे शक्य झाले कारण टपालाचा डबा त्या स्थानकावर थांबत होता. वाफेची गाडी सावकाश जात होती, वारंवार थांबत होती, पाणी घेत होती. तिच्या संथपणाबद्दल तक्रारी योग्यच होत्या. पण जी गाडी प्रत्येक स्थानकावर थांबते तिच्या मार्गावर प्रत्येक स्थानक काहीतरी होऊ शकते. या दोन जिल्ह्यांतल्या पहिल्या कारखानदारीचा नकाशा काढला तर तो जवळजवळ मीटरगेजच्या स्थानकांचा नकाशा निघतो.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. वाफ एवढी वर्षे का टिकली? पर्यायी यंत्र माहीत नव्हते म्हणून, हे उत्तर या भागाला लागूच पडत नाही. कूपरांच्या कारखान्यात १९३०च्या दशकातच डिझेल इंजिने तयार होऊ लागली होती. ज्या स्थानकावर कोळशाची गाडी येऊन थांबे, त्याच स्थानकाशेजारी डिझेल इंजिन बनत होते आणि त्याच गाडीने बाहेर जात होते. कृष्णाकाठच्या विहिरींवर मोट जाऊन ऑइल इंजिन आले, तेव्हाही विहिरीजवळून जाणाऱ्या गाडीला वाफच ओढत होती. शेतात जे यंत्र पोहोचले ते रुळांवर पोहोचायला आणखी दशके लागली. विजेचेही तेच. कोयनेचे पाणी सातारा जिल्ह्यातले. १९६०च्या दशकाच्या आरंभापासून तिथे जलविद्युत तयार होऊ लागली, आणि ती मुंबई–पुण्याच्या उद्योगांना गेली. कोयनेपासून काही कोसांवर असलेल्या कऱ्हाड स्थानकात मात्र विजेवरची गाडी २०२०च्या दशकात आली. यंत्र जवळ होते, वीज जवळ होती. नव्हती ती या मार्गावर पैसा घालण्याची कुणाची निकड.

यावर जाणकारांचा आक्षेप ठरलेला असतो, आणि तो वजनदार आहे. विद्युतीकरण महाग असते. ज्या मार्गावर गाड्यांची दाटी असते तिथेच ते परवडते. बोरघाटावर ती दाटी होती, आदर्कीच्या घाटात नव्हती. हे मान्य आहे. पण ती दाटी का नव्हती? मुंबईचा माल पुण्याला उतरवून पुन्हा चढवावा लागत असेल, तर व्यापारी शक्य तेवढा माल रस्त्याने नेणार. १९४८ नंतर सरकारी एसटी आली, आणि ती साताऱ्याच्या पेठेतून निघत होती, सातारा रोडहून नव्हे. ज्याला आगगाडीसाठी आधी दहा मैल जायचे आणि पुण्याला गाडी बदलायची, त्याने एसटी धरली यात नवल नाही. म्हणजे कमी वाहतूक हे कारण नव्हते, तो मीटरगेजचा परिणाम होता. तोच परिणाम पुढे सुधारणा न करण्याचे कारण म्हणून वापरला गेला. १८८२ची काटकसर अशी स्वतःच स्वतःचा पुरावा बनत राहिली.

दुसरा आक्षेप असा की स्वातंत्र्यानंतरच्या भारताला वाफ सोयीची होती. कोळसा देशात मिळत होता, तेल बाहेरून आणावे लागत होते, आणि चित्तरंजनच्या कारखान्यात १९५० पासून वाफेची इंजिने देशातच तयार होत होती. तिथे एकूण २,३५१ वाफेची इंजिने बनली. ब्रॉडगेजचे शेवटचे १९७० मध्ये बाहेर पडले, मीटरगेजचे १९७२ मध्ये. देशाच्या पातळीवर हा युक्तिवाद मला पटतो. परकीय चलनाची चणचण खरी होती, आणि वाराणसीच्या कारखान्यातून डिझेल इंजिने १९६४ पासून येऊ लागली तरी ती आधी जड मालवाहतुकीच्या मार्गांना देणे शहाणपणाचेच होते. पण झरिया–राणीगंजच्या शेजारी जे स्वस्त होते ते कृष्णाकाठी स्वस्त नव्हते. सातारा–सांगलीच्या जमिनीत कोळसा नाही. जवळच्या खाणी म्हणजे चांद्याच्या आणि सिंगरेणीच्या, त्याही शेकडो किलोमीटर दूर. इंजिनाने जाळायचा कोळसा आधी दुसऱ्या इंजिनाने कोळसा जाळत इथपर्यंत ओढून आणायचा. वाफेचे इंजिन कोळशातल्या उष्णतेचा दहावा हिस्साही धड चाकांपर्यंत पोहोचवत नाही, हे लक्षात घेतले तर वाफ सर्वात आधी जायला हवी होती ती अशा कोळशापासून दूरच्या मार्गांवरून. ती इथे मागे राहिली, कारण मीटरगेजवरची डिझेल इंजिने थोडी होती, आणि जो मार्ग पुढेमागे ब्रॉडगेज होणार त्यावर नवी मीटरगेज इंजिने पाठवायची कशाला, असा विचार होणे स्वाभाविक होते. मार्ग रुंद होत नव्हता म्हणून नवे इंजिन नाही, आणि रुंद होणार होता म्हणूनही नाही.

१९७१ मध्ये पुणे–मिरज–कोल्हापूर हा मार्ग अखेर ब्रॉडगेज झाला. मुंबईत बसलेला माणूस डबा न बदलता कोल्हापूरला उतरू लागला. महालक्ष्मी एक्स्प्रेस या बदलातूनच शक्य झाली. रूळ रुंद होताना मार्गाची आखणीही बदलली. सातारा शहराजवळ माहुलीला नवे स्थानक आले, म्हणजे जे काम १८८६च्या सुमारास व्हायला हवे होते ते पंचाऐंशी वर्षांनी झाले. सांगली फाट्यावरून उठून मुख्य मार्गावर आली, पण तिचे स्थानक मध्यवस्तीतून बाहेर गेले. वाफ मात्र त्या दिवशी संपली नाही. ब्रॉडगेजवरही आरंभी कोळशाची इंजिने धावली, फरक एवढाच की ती आता देशभरच्या साठ्यातली होती आणि त्यांच्या जागी डिझेल आणायला रुळांची अडचण उरली नव्हती. पुढच्या काही वर्षांत ती गेली. देशात ब्रॉडगेजवरची शेवटची नियमित वाफेची गाडी १९९५च्या डिसेंबरात पंजाबात धावली, पण कृष्णाकाठच्या लोकांसाठी निकाल १९७१ मध्येच लागला होता.

मिरजेत मात्र तो लागला नव्हता. पुण्याचा गेजबदल, म्हणजे एका रुंदीच्या रुळांवरून दुसऱ्या रुंदीच्या रुळांवर जाण्याची जागा, मिटला तो नाहीसा होऊन नव्हे, मिरजेला सरकून. उत्तरेकडून ब्रॉडगेज आला, दक्षिणेकडे बेळगाव–लोंढा–बंगलोर मार्ग मीटरगेजच राहिला, आणि पूर्वेकडून १९२७ पासून बार्शी लाइट रेल्वेचा ७६२ मिलिमीटरचा अरुंद मार्ग पंढरपूरहून येत होता. एका स्थानकात तीन रुंदीचे रूळ, तीन आकारांचे डबे, आणि त्यांच्यामध्ये डोक्यावर पोती घेऊन चालणारे हमाल. गूळ, हळद, साखर, सिमेंट, खत, जे काही मिरजेतून पुढे जायचे ते माणसांच्या खांद्यांवरून जायचे. १९९०च्या दशकात दक्षिणेकडचा मार्ग रुंद होईपर्यंत हे चालले. अभियंत्यांच्या दृष्टीने गेजबदल हा दोष आहे, वेळेचा आणि मालाचा नाश आहे. मिरजेच्या दृष्टीने तो रोजगार होता. पुण्याने तो सोसला, मिरजेने त्यावर संसार उभे केले. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि रेल्वेच्या हिशेबवहीत त्यातली फक्त पहिली लिहिली जाते, ही माझी तक्रार आहे. मीटरगेजवरची वायपी आणि वायजी जातीची इंजिने मिरजेच्या दक्षिणेला १९७१ नंतरही धावत राहिली. म्हणजे या भागातली वाफ सर्वांत उशिरा गेली ती जिथे रूळ सर्वांत उशिरा रुंद झाले तिथून.

बार्शी लाइटचा मार्ग याच सूत्राची दुसरी बाजू दाखवतो. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी हा पहिला तुकडा सुरू केला. प्रत्येक आसावर पाच टनांहून अधिक भार येणार नाही अशी इंजिने आणि वाघिणी त्याने आखल्या. त्यामुळे हलक्या रुळांवरही भरपूर माल नेता येऊ लागला, आणि जगभरच्या अरुंद मार्गांवर काम करणाऱ्यांनी हे तंत्र अभ्यासले. १९०६ मध्ये तो पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचला. लातूर ते मिरज मिळून सुमारे २०२ मैल. सांगली जिल्ह्यात तो आरग, बेळंकी, सलगरे, कवठे महांकाळ, ढालगाव, जत रोड अशा स्थानकांवरून गेला, आणि हा सगळा कृष्णेपासून दूर असलेला दुष्काळी टापू. वाफेच्या इंजिनाला कोळशाइतकेच पाणी लागते. कृष्णाकाठच्या मार्गाला ते सहज मिळत होते, कवठे महांकाळच्या बाजूला मिळणे कठीण. तरीही आषाढी–कार्तिकीला ही छोटी गाडी टपापर्यंत भरून वारकऱ्यांना पंढरपूरला नेत राहिली. १९५४ मध्ये ती सरकारच्या ताब्यात आली. शेवटच्या काळात तिच्यावरही डिझेल इंजिने आली, पण तिला वाचवायला ती पुरेशी नव्हती. २०१०च्या सुमारास मिरज–पंढरपूर मार्ग ब्रॉडगेज झाला आणि अरुंद रूळ उखडले गेले. इथे डिझेलने वाफेची जागा घेतली होती आणि तरीही मार्ग मागासच राहिला. इंजिन बदलणे हा सुधारणेचा गाभा नव्हता, याचा याहून स्पष्ट पुरावा मला दिसत नाही.

वाफेच्या इंजिनांबद्दल आता जिव्हाळ्याने लिहिले जाते, त्यात इंजिनामागे उभ्या माणसाचा विसर पडतो. पायाखाली हलणारे इंजिन, एका बाजूला उघडी भट्टी आणि दुसऱ्या बाजूला वारा, आणि फावड्याने टनावारी कोळसा भट्टीत लोटायचा, हे फायरमनचे काम होते. गाडी सुटण्याच्या कित्येक तास आधी शेडमध्ये भट्टी पेटवावी लागे, फेरी संपली की राख काढावी लागे, ठराविक दिवसांनी बॉयलर धुवावा लागे. उन्हाळ्यात शिंदवण्याचा किंवा आदर्कीचा घाट चढताना त्या कोठडीत काय होत असेल याची कल्पना करता येईल. ड्युटीचे तास इतके लांबत की देशभरच्या इंजिन कर्मचाऱ्यांना १९७३ मध्ये दहा तासांच्या मर्यादेसाठी संप करावा लागला. त्यानंतर वर्षभरात, मे १९७४ मध्ये, रेल्वेचा देशव्यापी संप झाला. म्हणून वाफ जायला नको होती असे म्हणण्याचा अधिकार मला कुणालाच द्यावासा वाटत नाही. पण वाफेबरोबर शेडमधली माणसे गेली: क्लीनर, बॉयलर धुणारे, कोळसा चढवणारे, राख उपसणारे. डिझेलला त्यांची गरज नव्हती. क्लीनरपासून फायरमन आणि फायरमनपासून ड्रायव्हर अशी बढतीची जी वाट एका अशिक्षित मुलाला वर नेत होती, ती बंद झाली.

माझ्या मांडणीवर आणखी एक आक्षेप घेता येईल, आणि तो मी स्वतःच घेतो. माळावरच्या स्थानकांचे महत्त्व ओसरले ते रेल्वेमुळेच, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. ओगलेवाडीचा कंदील मागे पडला तो गावोगाव वीज आली म्हणून. किर्लोस्करांचे उद्योग पुण्याला आणि इतरत्र पसरले ते त्यांच्या वाढीमुळे, आणि किर्लोस्करवाडीचा कारखाना आजही चालू आहे. ट्रक आणि राष्ट्रीय महामार्ग यांचा वाटा मोठा आहे. हे सगळे जमेस धरूनही एक फरक उरतो. मीटरगेजचा मार्ग या मुलखाच्या आत जात होता, ब्रॉडगेजचा मार्ग या मुलखातून जातो. मुंबई–कोल्हापूरची जलद गाडी ज्या स्थानकांना न थांबता मागे टाकते, त्यांतल्या काहींवर कधीकाळी महाराष्ट्राची मासिके आणि नांगर चढत होते. लांबच्या प्रवाशाचा फायदा झाला, तो मोठा आहे आणि योग्यही आहे. त्याची किंमत जवळच्या प्रवाशाने आणि छोट्या उत्पादकाने दिली.

ही किंमत ठरवण्यात स्थानिकांना वाटा नव्हता, हेही नोंदवायला हवे. हा मार्ग आधी धारवाडच्या कंपनीचा, मग १९०८ पासून मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेचा. सरकारी यंत्रणेशी तो इतका जोडलेला होता की ७ जून १९४३ रोजी ब्रिटिश सत्तेविरुद्ध उभ्या राहिलेल्या प्रतिसरकारच्या तुफान सेनेने शेणोलीला गाडी अडवून सरकारी पगाराची रक्कम ताब्यात घेतली, तेव्हा हा आपल्या रेल्वेवरचा हल्ला आहे असे आसपासच्या गावांना वाटले नाही. स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये मार्ग दक्षिण रेल्वेकडे गेला, १९६६ मध्ये दक्षिण मध्य रेल्वेकडे. पुण्याजवळच्या घोरपडीपासून मिरजेपर्यंतचा कारभार हुबळीहून आणि सिकंदराबादहून चालत राहिला. १ एप्रिल २००३ रोजी मध्य रेल्वेचा पुणे विभाग झाला, तेव्हा कुठे सातारा आणि सांगलीची स्थानके पुण्याच्या कक्षेत आली. वाफ केव्हाच गेली होती.

आज या मार्गावर दुसरा रूळ पडतो आहे आणि तारांखालून गाड्या धावत आहेत. कामासाठी जुनी माती उपसली जाते तेव्हा मीटरगेजच्या मोऱ्या, पाण्याच्या टाक्यांचे चौथरे, शेडचे दगडी कोपरे उघडे पडतात आणि भरावात जातात. या मार्गांवरच्या शेडमध्ये किंवा इंजिनावर काम केलेली जी माणसे आज हयात आहेत, ती बहुतेक सत्तरी–ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्या घरी ड्युटीच्या वह्या, जुनी वेळापत्रके, बिल्ले, छायाचित्रे असतील. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांचे इतिहास विभाग, नगरवाचनालये आणि रेल्वेचा पुणे विभाग यांनी ही सामग्री आता गोळा करावी, त्या माणसांचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे, आणि सातारा रोड किंवा जुन्या सांगली फाट्याच्या जागेवर जे काही अवशेष शिल्लक आहेत त्यांची मोजमापे घेऊन ठेवावीत. ज्यांच्या घरात असे कागद असतील त्यांनी ते रद्दीत घालू नयेत. जवळच्या वाचनालयाकडे ते सोपवावेत, किंवा निदान त्यांची प्रत करून ठेवू द्यावी.